२१ मिनिटं आणि पुढची सहा वर्षं

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरचा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा चित्रपट २०१८ साली आला तेव्हा मी तो पुण्यात मोठ्या पडद्यावर पाहिला, आणि नंतर घरी टीव्हीवर इतक्यांदा पाहिलाय की कुठला संवाद कुठे येतो ते पाठ झालंय. तरी दर वेळी एका प्रसंगाला मी अस्वस्थ होते. आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठीच्या 'लाइव्ह एड' या मैफलीच्या तोंडावर तालमीच्या जागेत फ्रेडी मर्क्युरी आपल्या तीन सोबत्यांना सांगतो, मला एड्स झालाय. चौघं एकमेकांना मिठी मारतात. मग येतं मैफलीचं ठिकाण, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, आणि पुढचं सगळं गाणं आपण मरण कळलेल्या माणसाचं गाणं म्हणून ऐकतो. डोळे भरून येतात. माझेही येतात. पण हे असं घडलेलं नाही.

लाइव्ह एड झालं १३ जुलै १९८५ ला. फ्रेडीच्या आजाराचं निदान त्यानंतरचं, बहुतेक चरित्रकारांच्या मते १९८७ चं. चित्रपटात तोवर 'क्वीन' फुटलेला आहे, चौघांनी कित्येक वर्षं एकत्र वाजवलेलं नाही, आणि फ्रेडी माफी मागून परत आलाय. प्रत्यक्षात बँड कधी फुटलाच नव्हता. १९८४ मध्ये त्यांचा 'द वर्क्स' हा अल्बम आला, जानेवारी १९८५ मध्ये ते रिओत लाखोंच्या गर्दीपुढे वाजवून आले आणि मे महिन्यात जपानमध्ये दौरा संपवून घरी परतले. म्हणजे वेम्ब्लीच्या दोन महिने आधीपर्यंत ही मंडळी रोज रात्री रंगमंचावर होती. त्यातही त्यांनी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये या कार्यक्रमाची वेगळी तालीम केली. घड्याळ लावून, कुठलं गाणं किती कापायचं, कशाला कशाची जोड द्यायची, हे ठरवून.

चरित्रपटात थोडं इकडचं तिकडे होणारच, हे मला मान्य आहे. 'वुई विल रॉक यू' १९७७ चं गाणं आहे आणि चित्रपटात ते तयार होतं तेव्हा फ्रेडीला मिशा आहेत, म्हणजे साल १९८० उजाडलंय. बिघडत नाही. रिओची गर्दी पाच-सात वर्षं आधी आणून ठेवलीय, त्यानेही काही बिघडत नाही. पण आजाराची बातमी दोन वर्षं आधी ओढली की वेम्ब्लीवर क्वीनने गाजवलेल्या त्या २१ मिनिटांचं श्रेय दुसऱ्याच कशाला तरी जातं. जे चौघांनी पंधरा वर्षं घासून मिळवलं होतं, ते एका शोकांतिकेच्या खात्यावर जमा होतं. आणि ज्या धैर्याने तो माणूस पुढे खरोखर जगला, ते दाखवायला चित्रपटाकडे जागाच उरत नाही.

त्या दिवसाचं मूळ चित्रण सहज बघायला मिळतं. चित्रपटाच्या आधी किंवा नंतर ते जरूर बघा. संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराचा लख्ख उन्हाळी उजेड आहे. रॉक बँडला लागतो तो अंधार नाही, दिव्यांचा खेळ नाही, धूर नाही. तिकिटं काढून आलेले सुमारे ७२ हजार लोक आहेत, पण ते एकट्या क्वीनसाठी आलेले नाहीत. फ्रेडी धावतच येतो. पांढरी बनियन, फिकी जीन्स, दंडाला खिळ्यांचा पट्टा. पियानोवर पेप्सीचे कागदी पेले मांडलेले आहेत, कुणीतरी विसरून गेल्यासारखे. तो बसतो, दोन-चार सूर चाचपतो आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गाण्याचा फक्त सुरुवातीचा संथ, बॅलडचा भाग गातो. ऑपेराचा भाग येण्याआधीच गाणं सोडून देतो, कारण तो भाग रंगमंचावर चौघांना गाता येण्यासारखा नाही आणि वेळही नाही. पुढच्या क्षणी तो अर्ध्या दांड्याचा माइक हातात घेऊन उभा आहे आणि 'रेडिओ गा गा' सुरू झालंय. ध्रुवपदाला सगळं स्टेडियम डोक्यावर हात नेऊन एका ठेक्यात टाळी देतं. मग तो वाद्यं थांबवून नुसत्या आवाजाने लोकांशी खेळतो. एक तान घेतो, लोक परत करतात. आणखी अवघड घेतो, लोक तीही परत करतात. एक लांबलचक सूर तर असा ताणतो की बैठकीत असतो तर आपण 'वाह' म्हणून हात वर केला असता.

हे बघताना मला कुठेही आजारी माणूस दिसत नाही. दिसतो तो आपलं काम पुरतं येणारा, धडधाकट, ३८ वर्षांचा कलावंत, आणि त्याच्या मागे डोळ्याच्या इशाऱ्यावर चालणारे तिघे. गिटारवादक ब्रायन मेच्या गिटारकडेही लक्ष द्या. शाळकरी वयात त्याने वडिलांबरोबर घरी बनवलेली ही गिटार, तिची मान एका जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून कोरलेली. ती तो तारा छेडायच्या 'पिक'ऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो.

या कार्यक्रमाची बँडला खरी गरज होती, पण कारण वेगळं होतं, आणि चित्रपट त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला कार्यक्रम केले होते. वर्णभेदी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार असताना केले. ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या युनियनने त्यांना दंड ठोठावला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव गेलं. आम्ही राजकारण करत नाही, संगीत करतो, असा त्यांचा बचाव होता, आणि तो मला आजही पटत नाही. नऊ महिन्यांनी हेच लोक आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी वेम्ब्लीवर उभे राहिले. केवढा नाट्यमय, केवढा अवघड प्रसंग आहे हा! पण चित्रपटाच्या निर्मितीत बँडचे जुने व्यवस्थापक जिम बीच होते, ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलरही जवळून गुंतलेले होते. त्यामुळे त्यांना अडचणीचं ठरेल ते गळलं आणि जो उत्तर द्यायला हयात नाही त्याच्या चुका तेवढ्या राहिल्या. चित्रपटात फ्रेडी एकट्याचा करार करतो तेव्हा बाकीच्यांना तो विश्वासघात वाटतो. वस्तुस्थिती अशी की रॉजर टेलरचा स्वतंत्र अल्बम १९८१ मध्येच आला होता, ब्रायन मेचा १९८३ मध्ये, आणि फ्रेडीचा त्या दोघांनंतर, १९८५ मध्ये.

आणि पाचगणी. माझं आजोळ वाईचं, त्यामुळे ही तक्रार जरा जास्तच जवळची. वाईहून पसरणी घाट चढून वर गेलं की हवा बदलते, सिल्व्हर ओकच्या रांगा लागतात, आणि रविवारी बोर्डिंगची मुलं ब्लेझर घालून ओळीने बाजारातून जाताना दिसतात. लहानपणी आम्ही त्यांच्याकडे टक लावून बघायचो. त्यातल्याच एका शाळेत, सेंट पीटर्समध्ये, फारुख बुलसारा नावाचा मुलगा १९५० च्या दशकात आठव्या वर्षी येऊन दाखल झाला. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारचा. वडील बोमी तिथल्या ब्रिटिश सरकारात हायकोर्टात कॅशियर. घराणं मूळचं बुलसारचं, म्हणजे आजच्या वलसाडचं, त्यावरून आडनाव. आठ वर्षांच्या पोराने समुद्र ओलांडून मुंबईला यायचं, तिथून घाटावर, आणि आईवडील पुन्हा कधी भेटतील ते सुट्ट्यांच्या हिशोबावर. सुट्टीतही बऱ्याचदा झांझिबार नाहीच, मुंबईत मावशीकडे.

चित्रपटात हे सगळं जाताजाता एखाद्या उल्लेखात संपतं. शाळेची इमारत दिसत नाही, घाट दिसत नाही. कथा सुरू होते तीच लंडनच्या विमानतळावर सामान उचलणाऱ्या तरुणापासून. घरात वडील त्याला फारुख समजतात आणि तो स्वतःला फ्रेडी म्हणवतो, असा ताण चित्रपटाने उभा केलाय, जणू ते नाव त्याने इंग्लंडमध्ये घरच्यांपासून सुटण्यासाठी घेतलं. पण 'फ्रेडी' त्याला पाचगणीने दिलं. शाळेतल्या मित्रांनी आणि शिक्षकांनी हाक मारायला सुरुवात केली आणि घरच्यांनीही ती उचलली. लंडनमध्ये त्याने घेतलं ते फक्त 'मर्क्युरी'.

शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलाचा कान ओळखला आणि थोडी जादा फी भरून त्याला पियानो शिकवायचं ठरलं. चौथ्या ग्रेडपर्यंत तो शिकला. प्रार्थनेच्या गायनवृंदात होता, नाटकांत होता, मुष्टियुद्धही खेळायचा. बारा वर्षांचा असताना पाच मित्रांनी बँड काढला, 'द हेक्टिक्स'. त्यांचा एक फोटो अनेक ठिकाणी छापून आलाय. पांढरे शर्ट, अरुंद काळे टाय, मागे वळवलेले चोपडे केस, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर आपण एल्व्हिस असल्याचा विश्वास. फरांग इराणीचा बेस म्हणजे चहाचं खोकं, एक काठी आणि एक तार. यातल्या डेरिक ब्रँचने पुढे इंग्लंडमध्ये अभिनय केला, व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात वरच्या हुद्द्यावर पोहोचला आणि फरांग इराणीने पुण्यात सिझलर्सचं हॉटेल चालवलं, ज्याच्या बाहेर ताटकळलेले पुणेकर अजून सापडतील.

या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. ब्रूस मरे गायचा. फ्रेडी मागे पियानोवर असायचा. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो तसंच्या तसं पियानोवर काढायचा, असं त्याच्या मित्रांनी सांगितलंय. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जो माणूस पुढे ७२ हजारांना बोटावर नाचवणार होता, तो आधी काही वर्षं दुसऱ्याच्या गाण्याला साथ करत होता. साथसंगत करणाऱ्याला गायकाचा श्वास कळतो, श्रोते कुठे सुटतात ते कळतं. आपल्याकडे कितीतरी मोठे गवई आधी तानपुऱ्यावर मागे बसून तयार झाले. चित्रपटाला मात्र गायक तयार होताना दाखवायचाच नाहीये. पार्किंगमध्ये दोघांना दोन ओळी म्हणून दाखवल्या, त्यांनी तोंडात बोटं घातली, झाला गायक! वास्तविक 'स्माइल' हा ब्रायन आणि रॉजरचा बँड, त्याचा गायक टिम स्टाफेल हा ईलिंगच्या कला महाविद्यालयात फ्रेडीबरोबर शिकायचा. फ्रेडी त्यांच्या कार्यक्रमांना नेमाने जायचा, काय सुधारायला हवं ते आगाऊपणे सांगायचाही. १९७० मध्ये स्टाफेल गेला आणि फ्रेडी आला. अधेमधे दुसऱ्या छोट्या बँडमध्ये गाऊन झालं होतं. बेस गिटारवादक जॉन डीकन १९७१ मध्ये आला आणि चौकडी पूर्ण झाली. बँडचं ते भव्य बोधचिन्ह, सिंह, खेकडा, पऱ्या आणि वर फिनिक्स, चौघांच्या राशींवरून फ्रेडीनेच काढलेलं, कारण डिप्लोमा ग्राफिक कलेचा होता.

त्याआधीची एक तारीख चित्रपट घेत नाही, पण मी ती विसरू शकत नाही. जानेवारी १९६४, झांझिबारची क्रांती. हजारो अरब आणि आशियाई लोक मारले गेले किंवा पळाले. बुलसारा कुटुंब जे हाताशी आलं ते घेऊन लंडनला, हीथ्रोजवळच्या फेल्टममध्ये आलं. फ्रेडी १७ वर्षांचा होता. विस्थापनाबद्दल तो जाहीरपणे जवळजवळ कधीच बोलला नाही. पाचगणीबद्दलही फार नाही.

शीर्षकगीताच्या ध्वनिमुद्रणाचा भाग मात्र चित्रपटात मला मनापासून आवडतो. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओचं शेत, कोंबड्यांची हाक, आणि रॉजर टेलर 'गॅलिलिओ'चा वरचा सूर पुन्हा पुन्हा लावतोय, आणखी वर, आणखी वर. तिथे चित्रपटाला काम दाखवायचं सुचलंय आणि तिथेच तो जिवंत होतो. १९७५ मध्ये २४ ट्रॅकची टेप होती. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर हे तिघेच दिवसाचे दहा-बारा तास गाऊन थरावर थर चढवत होते. ते सगळे आवाज एका टेपवरून दुसरीवर उतरवत इतके थर झाले की टेपवरचा लेप झिजून ती आरपार दिसायला लागली. त्या गाण्यात जो अफाट समूह ऐकू येतो तो तीन गळ्यांचा आहे. २०२३ मध्ये फ्रेडीच्या वस्तूंचा लंडनला लिलाव झाला, त्यात या गाण्याचे कच्चे कागद होते. वर आधी 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी' लिहून खोडलेलं. ज्यांना वाटतं की अशी गाणी विजेसारखी सुचतात, त्यांनी ते खोडलेलं नाव बघावं. पाच मिनिटं ५५ सेकंदांचं हे गाणं रेडिओवर चालणार नाही असं जाणकार सांगत होते. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

फ्रेडी साकारणाऱ्या रामी मलेकबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ऑस्कर त्याला मिळायलाच हवं होतं. फ्रेडीला जबड्यात मागे चार दात जास्त होते, म्हणून पुढचे बाहेर ढकललेले. शाळेत त्यावरून त्याला 'बकी' म्हणून चिडवायचे. ते काढले तर आवाजाचा पोत बदलेल या भीतीने त्याने ते आयुष्यभर तसेच ठेवले. मलेकने नकली दात तर लावलेच, पण त्या दातांवर वरचा ओठ ओढून घेण्याची सवयही उचलली. नीट बघा, गर्दीसमोर तोंड उघडं असतं आणि दोघा-तिघांत असला की ओठ मिटत राहतो. पाचगणीच्या वसतिगृहातलं ते पोर चित्रपटात कुठे असेल तर ते या ओठात आहे. आवाज अर्थातच बराचसा फ्रेडीचा, जोडीला मार्क मार्टेल नावाच्या कॅनेडियन गायकाचा. आणि गंमत म्हणजे वेम्ब्लीचा शेवटचा भाग त्यांनी सगळ्यात आधी चित्रित केला. मलेकने शिखर आधी गाठलं आणि मग उरलेला डोंगर चढला. मध्येच दिग्दर्शक ब्रायन सिंगरला काढलं गेलं, डेक्स्टर फ्लेचरने काम पुरं केलं. एवढ्या ओढाताणीतही मलेकचा तोल कुठे गेलेला दिसत नाही.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो चित्रपटाचा नैतिक हिशोब. तरुणपणीची प्रेयसी मेरी ऑस्टिन हिच्याबरोबर फ्रेडी आहे तोवर प्रकाश आहे, घर आहे, प्रेम आहे. पुरुषांकडे वळला की लाल दिवे, काळं चामडं, दारू, एकटेपणा आणि कट करणारा त्याचा व्यवस्थापक पॉल प्रेंटर. मग आजार, मग घरवापसी, मग क्षमा. त्याचा जोडीदार जिम हटन येतो, पण दिवाणखान्यात हात धरण्याइतकाच. सवोय हॉटेलात केस कापणारा हा आयरिश माणूस फ्रेडीला एका क्लबात भेटला, गार्डन लॉज या फ्रेडीच्या लंडनमधल्या घरात त्याच्याबरोबर राहिला, बाग सांभाळली आणि शेवटच्या दिवसांत त्याची सेवा केली. मेरीवरचं फ्रेडीचं प्रेम खरंच होतं, घरही त्याने तिच्या नावे केलं, त्याबद्दल दुमत नाही. पण जिमबरोबरची वर्षंही तितकीच खरी होती. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून संमतीने होणारे समलिंगी संबंध वगळले आणि नोव्हेंबरात हा चित्रपट लागला. माझ्या मागच्या रांगेत कॉलेजची मुलं-मुली होती, 'रेडिओ गा गा'ला टाळ्यांचा ठेका धरणारी. त्यांच्यात कुणी तरी असेलच, ज्याला पडद्यावर असं एक साधं, सुखाचं घर बघायचं असेल. ते घर त्या चित्रपटाच्या हाती होतं आणि त्याने ते दाखवलं नाही.

निदान झाल्यानंतर फ्रेडी काय करत होता? काम. १९८८ मध्ये ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्याबरोबर 'बार्सिलोना'. १९८९ मध्ये क्वीनचा 'द मिरॅकल'. फेब्रुवारी १९९१ मध्ये 'इन्युएंडो'. दौरे थांबले होते, बाहेर वर्तमानपत्रवाले फाटकाशी बसून त्याच्या गालांच्या खोबण्यांचे फोटो छापत होते, आणि आत चौघं तोंड मिटून गाणी रचत होते. 'इन्युएंडो'मध्ये एक गाणं त्याच्या लाडक्या मांजरीवर आहे, डिलायला तिचं नाव. दिवस मोजणारा माणूस मांजरीच्या खोड्यांवर गाणं करतो आणि ब्रायनकडून गिटारमधून म्याँव काढून घेतो! त्याच अल्बममध्ये 'द शो मस्ट गो ऑन' आहे. ब्रायन मेने सांगितलंय की त्याला वाटलं होतं, हे सूर आता फ्रेडीच्याने होणार नाहीत. फ्रेडीने व्होडकाचा घोट घेतला आणि ते गाऊन टाकलं. ऐकताना कुठेही उसना जोर लागलेला कळत नाही. मी ते शेकडो वेळा ऐकलंय, त्या वरच्या सुरांवर अजूनही हातातलं काम थांबतं.

मे १९९१ मध्ये त्याने शेवटचा व्हिडिओ केला, तो कृष्णधवल ठेवला, जाड मेकअप लावून, मांजरांची चित्रं असलेलं जाकीट घालून. त्याच सुमारास स्वित्झर्लंडला, माँत्रोच्या स्टुडिओत गाणंही चालू होतं. मी गेल्यावर तुम्ही पूर्ण करा, मला फक्त शब्द देत राहा, अशा घाईने तो गात होता. 'मदर लव्ह'चं शेवटचं कडवं उरलं. विश्रांती घेतो आणि येऊन गातो, म्हणाला. ते कडवं ब्रायन मेला गावं लागलं. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आजार जाहीर केला, दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४५. लंडनच्या स्मशानात त्याचे अंत्यविधी पारशी दस्तुरांनी केले, आईवडील समोर असताना.

चित्रपटात वडील 'चांगले विचार, चांगले शब्द, चांगली कर्मं' हे झरथुष्ट्री वचन सांगतात आणि लाइव्ह एडच्या दिवशी मुलगा ते त्यांना परत ऐकवतो. प्रसंग छान आहे. पण ते वचन मला माँत्रोतल्या त्या स्टुडिओत जास्त शोभलं असतं. ही सहा वर्षं चित्रपट शेवटच्या पाट्यांवरच्या काही ओळींत उरकतो. कुणी कधी त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यात जिमची बाग, डिलायला, टेपवरचे थर आणि तो व्होडकाचा घोट नीट दाखवला, तर वेम्ब्ली त्यात एका ओळीत आटोपलं तरी माझी हरकत नाही.